सर्नमध्ये नोकरी हवीय? आधी पगार कोण देतं ते बघा

नमस्कार मंडळी! "सर्नमध्ये नोकरी करायचीय, अर्ज कुठे करू?" एमएस्सी फिजिक्सची मुलं हे हमखास विचारतात.

तर ऐका. सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची युरोपची कणभौतिकीची प्रयोगशाळा. तिच्या स्वतःच्या पगारपत्रकावर माणसं आहेत सुमारे अडीच हजार. त्यातले बहुतेक इंजिनिअर, टेक्निशियन आणि ऑफिस सांभाळणारे. फिजिक्सवाले अगदी थोडे! मग तिथे दिसणारे हजारो शास्त्रज्ञ कोण? ते आपापल्या विद्यापीठांचे. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) किंवा पुण्याच्या आयसरचे (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) लोक सर्नच्या सीएमएस प्रयोगावर (कणांच्या टकरी टिपणारं अवाढव्य यंत्र) काम करतात, पण पगार इथूनच.

म्हणजे शोधायचा तो विद्यापीठाचा किंवा संस्थेचा संशोधन ग्रुप. पीएचडीनंतर पोस्टडॉक, म्हणजे संशोधकाची तात्पुरती नोकरी, साधारण दोन-तीन वर्षांचा करार, मग बहुतेकदा दुसरा, दुसऱ्या देशात. जाहिराती इन्स्पायर नावाच्या साइटवर लागतात, फुकट बघता येतात. थिअरीवाल्यांची धावपळ दिवाळीच्या आगेमागे, एक्सपेरिमेंटवाल्यांच्या जागा वर्षभर निघतात.

आता जाहिरात नीट वाचा. खाली एक ओळ असते: तीन शिफारसपत्रं. सगळा खेळ तिथे आहे. २०१५ साली हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर अ‍ॅटलास (सर्नचाच दुसरा प्रयोग) आणि सीएमएसचा एकत्र पेपर आला. पानं ३३, त्यातली २४ नुसत्या नावांची, लेखक ५,१५४! त्या गर्दीत तुम्ही नेमकं काय केलंत, हे पेपरवरून कुणाला कळणार? ते पत्र लिहिणाराच सांगणार. ट्रिगरचा (कुठल्या टकरी साठवायच्या ते ठरवणारी यंत्रणा) कोड तुम्ही लिहिलात, डिटेक्टरचं कॅलिब्रेशन तुम्ही केलंत, रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये अडलेलं काम सोडवलंत, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्याचं पत्र घ्या. नुसत्या मोठ्या नावाचं, "विद्यार्थी मेहनती आहे" छापाचं पत्र काही कामाचं नाही. (असली पत्रं ढिगानं येतात, खरंच.)

माझं मत विचाराल तर नुसतं अ‍ॅनालिसिस करणाऱ्यांपेक्षा सोल्डरिंग गन हातात धरलेल्याला मी आधी बोलावीन. एलएचसीचं, म्हणजे सर्नच्या कण आदळवणाऱ्या यंत्राचं, अपग्रेड चालू आहे, सिलिकॉन डिटेक्टर जोडायला माणसं लागतात.

आणि हो, २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. त्यामुळे सर्नच्या ठरावीक मुदतीच्या नोकऱ्या आणि फेलोशिपसाठी आपण अर्ज करू शकतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, हे तुमच्यासाठी! बीई झालेल्या भावाबहिणींना हा व्हिडिओ पाठवा. फिजिक्सवाल्यांनी मात्र आधी पीएचडीसाठी टीआयएफआरच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरा.