कानपाई झाल्यावर काय बोलायचं?

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची जपानी भाषेची एन-फाइव्ह, एन-फोर परीक्षा झालीये, क्लासमध्ये सगळं नीट येतं, आणि मग जपानला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसवाले ‘नोमिकाई’ला नेतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्यायला बसणं, आणि तिथे तोंडातून शब्द फुटत नाही. माझं अगदी हेच झालं होतं. मी सहा वर्षं जपानात, कावासाकी शहरात होते. मी स्वतः पीत नाही, तरी या विषयावर बोलतेय, कारण दिवसभर शेजारी बसून जी माणसं कामापुरतंच बोलायची ती इझाकायात, म्हणजे तिकडच्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसली की गावाकडचं, पोराबाळांचं सगळं सांगायची, आणि माझं जपानी सुधारलं ते तिथेच.

ऑर्डरचं फार टेन्शन घेऊ नका. वेटरला ‘सुमिमासेन!’ अशी मोठ्याने हाक मारायची, तिकडे त्यात उद्धटपणा नाही. बसल्या बसल्या कोणीतरी म्हणतंच, ‘तोरिआएझु बिइरु’, म्हणजे बाकीचं नंतर बघू, आधी बिअर तर येऊ दे. न मागता एक छोटी वाटी समोर येते, ती ‘ओतोशी’, तिचे पैसे बिलात लागतात, तर फुकट समजू नका. आणि ‘ओसाके’ म्हणजे कुठलीही दारू बरं का, आपण ज्याला साके म्हणतो तिला तिकडे ‘निहोन्शु’ म्हणतात.

ग्लास आले तरी लगेच तोंडाला लावायचा नाही. आपल्याकडे पंगतीत ‘वदनी कवळ घेता’ झाल्याशिवाय कोणी घास घेत नाही ना, तसंच. सगळ्यांच्या हातात ग्लास आला की ‘ओत्सुकारेसामा देशिता, कानपाई!’ कानपाई म्हणजे तिकडचं चिअर्स, शब्दशः अर्थ पेला कोरडा करा, पण कोणी एका दमात संपवत नाही, एक घोट पुरतो. ओत्सुकारेमध्ये ‘त्सुकारे’ म्हणजे थकवा, आज तुम्ही दमलात, तुमच्या कष्टांची जाणीव आहे, असा त्यातला भाव. मला हा शब्द फार आवडतो.

आता बाटलीची बिअर असेल तर स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही. शेजाऱ्याचा ग्लास अर्धा दिसला की दोन्ही हातांनी बाटली धरून ‘दोझो’, म्हणजे घ्या, म्हणायचं, तो ग्लास हातात उचलून धरेल, काठोकाठ भरत आला की ‘ओत्तोत्तो!’, म्हणजे अरे अरे, सांडेल, असं म्हणेल, आणि मग बाटली घेऊन तुमचा ग्लास भरेल. पहिल्या दिवशी मी माझा उलाँग चहा स्वतःच ओतून घेतला तर पलीकडचे एक वयस्कर सहकारी घाईघाईने उठून आले, त्यांना वाटलं आपलंच लक्ष नव्हतं. आणि नको असेल तर ग्लास भरलेलाच ठेवा, रिकामा दिसला की कोणीतरी भरणारच.

न पिणाऱ्यांनी हे नीट ऐका. क्लासमध्ये ‘नोमिमासेन’ शिकवतात, पीत नाही. ते चूक नाही, पण टेबलावर जरा तुटक वाटतं. ‘ओसाके वा नोमेमासेन’ म्हणा. आपल्याकडे ‘पीत नाही’ आणि ‘पिववत नाही’ यात जो फरक आहे ना, बरोब्बर तोच. हा ‘पिववत’वाला फॉर्म इंग्रजीतून शिकवताना अर्धा तास जातो, मराठी माणसाला एका वाक्यात कळतो, म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की जपानी वाक्य मनात इंग्रजीतून बनवू नका, मराठीतून बनवा. ‘ओसाके वा त्सुयोइ देसु का?’ यात शेवटी ‘का’ आहे, आपल्या ‘तुम्हाला दारू झेपते का?’मध्येही शेवटी ‘का’च. ‘ओइशिइ देसु ने’ म्हणजे ‘मस्त आहे ना’, तो ‘ने’ आपला ‘ना’च समजा. समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये ‘हेऽऽ’ (हो का!), ‘नारुहोदो’ (अच्छा, असं आहे होय), ‘सो देसु ने’ (खरंय) असे हुंकार द्यायचे, नाहीतर त्याला वाटतं तुम्ही ऐकतच नाही आहात. आणि गप्पा सुरू करायला ‘गोशुश्शिन वा दोचिरा देसु का?’, मूळचे कुठले? एकदा गाव निघालं की तिथलं काय खायचं, बर्फ किती पडतो, अर्धा तास तुम्हाला नुसतं ‘ने’ म्हणायचंय.

निघायचं असेल तर ‘शूदेन’, शेवटची ट्रेन, हे कारण सगळ्यांना पटतं. पिऊन सायकलसुद्धा चालवायची नाही हं, नोव्हेंबर 2024 पासून त्याचे नियम अजून कडक झालेत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात ‘किनो वा आरिगातो गोझाइमाशिता’, कालसाठी थँक्यू. माझ्या क्लासमध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं, तिसऱ्या नोमिकाईनंतर एका ज्युनिअर मुलीला म्हणताना ऐकलं, मग मीही त्या वयस्कर सहकाऱ्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘कोचिरा कोसो’, म्हणजे थँक्यू तर मीच म्हणायला हवं.