जवळ जाऊन काढलेला फोटो

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरच्या कपाटात, गणपतीच्या मखराच्या सामानाशेजारी, एक काळा कॅमेरा जपून ठेवलेला आहे. आगफा क्लिक थ्री. साठी ओलांडलेल्या बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे तो नुसत्या नावानेच आला असेल. नाव जर्मन, पण कॅमेरा आपल्या गावचा. इथेच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तो बनत असे. १२० नंबरचा रोल, त्यात १२ चौकोनी फोटो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तो घेतला तेव्हा मी शाळेत होते. वर्षातून एकदा पावागडची सहल व्हायची आणि त्या सहलीच्या वाट्याला एक रोल यायचा. माचीहून वर चढताना आई दमून पायरीवर बसली की अण्णा कॅमेरा उघडायचे. मग चार पावलं पुढे, दोन मागे, पुन्हा एक पुढे. त्या कॅमेऱ्याला झूम नव्हता. माणूस जवळ हवा असेल तर आपणच उठून जवळ जायचं.

आज बोलायचंय ते त्या कॅमेऱ्याच्या नातवंडांविषयी. खिशात, पर्समध्ये मावणारे हे डिजिटल कॅमेरे. दुकानदार त्यांना कॉम्पॅक्ट म्हणतात. लेन्स काढता-बदलता येत नाही, बंद केला की ती आत जाते आणि कॅमेरा साबणाच्या डबीएवढा होतो.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. निवृत्त झाले तेव्हा मुलाने मोठ्या हौसेने मोठा कॅमेरा दिला, दोन लेन्स आणि पाठीवरच्या बॅगेसकट. फोटो सुरेख यायचे, खोटं कशाला बोलू. पण दोन-अडीच किलोचं ते ओझं पहिल्या दिवशी कौतुकाने पाठीवर असायचं, दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत राहायचं आणि नेमकं त्याच दिवशी वाटेत काहीतरी दिसायचं. शेवटी मी छोटा कॅमेरा घेतला. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतला, २०१२ साली आलेला पहिलाच. बॅटरीसकट २४० ग्रॅम, म्हणजे पाव किलोलाही दहा ग्रॅम कमी. भाजी आणायला जातानाही तो पिशवीत असतो.

ओझ्याचा हा त्रास जुनाच आहे. लायका कॅमेरा ज्यांनी घडवला ते ऑस्कर बारनॅक दम्याचे रुग्ण होते. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगरदऱ्या चढणं त्यांना झेपत नव्हतं. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून त्यांनी लहान कॅमेरा तयार केला, तो १९२५ साली बाजारात आला आणि पुढची कित्येक दशकं जगभरचे फोटोग्राफर त्याच वाटेने गेले. एका माणसाच्या धापेमुळे हे घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तुम्ही विचाराल, फोन असताना कॅमेरा कशाला? प्रश्न रास्त आहे. फोनचे फोटो आज उत्तम येतात, आणि २०१० साली जगात वर्षाला दहा कोटींहून अधिक विकले जाणारे हे छोटे कॅमेरे त्यामुळेच दुकानांतून जवळजवळ नाहीसे झाले. तरी मी कॅमेरा नेते. त्याचं कारण सांगायला तुम्हाला आपल्या तांबेकर वाड्यात न्यावं लागेल.

रावपुऱ्यातला हा वाडा तुमच्यापैकी किती जणांनी आतून पाहिलाय? बडोदा संस्थानाचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा. आज तो पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असतात, आणि आत जिने चढून गेलं की भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं. कृष्णाच्या लीला, महाभारतातले प्रसंग. मराठी माणसाने गुजरातेत येऊन आपल्या घराच्या भिंतींवर काय काढून घेतलं, ते तिथे बघायला मिळतं. पण उजेड अगदी कमी, खिडकीतून येईल तेवढाच. फ्लॅश मारायचा नाही, जुन्या रंगांना जपायचं म्हणून. आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, लावायची तर वेगळी परवानगी लागते.

अशा जागी मी काय करते, सांगते. झूम अजिबात वापरत नाही. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण छोट्या कॅमेऱ्याचं निम्मं गुपित यात आहे. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स झूम न करता एफ १.८ इतकी उघडते; एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी. पूर्ण झूम केला की तीच लेन्स एफ ४.९ पर्यंतच उघडू शकते. हिशोब केला तर आत येणारा उजेड सातव्या भागाहूनही कमी उरतो. म्हणजे अंधाऱ्या खोलीत लांब उभं राहून झूम केला की फोटो एकतर हलतो, नाहीतर रवाळ येतो. चार पावलं पुढे गेलं की तोच फोटो स्वच्छ. अण्णा जे नाइलाजाने करायचे, ते मी आता कळून-सवरून करते. मग पाठ चौकटीला टेकवायची, कोपर बरगडीशी घट्ट, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनक्षमता, ८०० च्या वर जाऊ द्यायचा नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि श्वास सोडून थांबायचं. बटण दाबताना बोटाने जो हिसका बसतो तो टायमरमुळे टळतो. सेकंदाच्या पंधराव्या भागातही चित्र स्थिर येतं.

आणि त्या दोन सेकंदांत डोळे भिंतीवर असतात. एकदा तसं थांबले असताना एका बाईच्या पदराच्या काठावर माझी नजर गेली. केसाएवढ्या बारीक कुंचल्याने ओढलेली तांबडी रेघ, मध्ये किंचित जाड झालेली. चित्रकाराचा हात तिथे क्षणभर थांबून पुन्हा निघाला असावा. मी तीस वर्षं मुलांच्या वह्यांत अशा रेघा पाहिल्यात. तोच फोटो नंतर फोननेही काढून पाहिला. फोनने काय केलं, तर खोली उजळून टाकली. सगळं लख्ख दिसत होतं, पण ती खोली तशी नाहीच. कोपऱ्यातला अंधार हा त्या वाड्याचाच भाग आहे, आणि माझा कॅमेरा त्याला अंधार राहू देतो.

मराठीत आपण चित्रही काढतो आणि फोटोही काढतो. गुजरातीत फोटो पाडतात. आम्हा बडोदेकरांच्या तोंडी दोन्ही येतं. मला मात्र काढणंच जवळचं वाटतं.

चांपानेरबद्दल थोडक्यात. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, पावागडाच्या पायथ्याशी महमूद बेगड्याची ही राजधानी, २००४ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत. जामा मशिदीच्या दगडी जाळ्यांसमोर सगळेच फसतात. बाहेर रणरणतं ऊन, आत सावली. कॅमेरा सावलीकडे बघून फोटो उजळवतो आणि जाळीची नक्षी पांढऱ्या उजेडात विरून जाते. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक घर खाली, वजा एकवर आणायचं, की दगडाचं कोरीवकाम परत दिसतं. आणि पावसाळ्यात गेलात तर एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा उघडू नका. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की लगेच धुकं धरतं. उतरल्यावर तो बाहेरच्या हवेइतका कोमट होईपर्यंत बंद पिशवीतच राहू द्यावा. एका श्रावणात माझे पहिले वीस फोटो असेच दुधाळ झाले, आणि गडावर उतरलेले ढग मी घरी येऊन नुसते आठवत बसले.

धुळीचंही सांगून ठेवते. या कॅमेऱ्यांची लेन्स आत-बाहेर होते, आणि होताना बारीक धूळ आत ओढून घेते. कच्छच्या रणात उघडा कॅमेरा हातात घेऊन फिरले, परतले तेव्हा प्रत्येक फोटोच्या आकाशात एकाच जागी करडा ठिपका. धूळ सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या चकतीवर, बसली होती, आणि या कॅमेऱ्याची लेन्स निघत नसल्यामुळे घरी ती पुसताही येत नाही. दुरुस्तीला बराच खर्च आला. तेव्हापासून रणात, समुद्रकाठी, हाटात कॅमेरा साध्या झिप लावलेल्या पिशवीत असतो, फोटोपुरता बाहेर येतो. सोबत एक जादा बॅटरी. एवढ्याशा बॅटरीवर तीनशेच्या आसपास फोटो निघतात आणि थंडीत त्याहून कमी.

घ्यायचा असेल तर मेगापिक्सेल विचारू नका, सेन्सर केवढा ते विचारा. स्वस्त कॅमेऱ्यांत तो साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो, नखाच्याही निम्मा. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळाने चौपट. संध्याकाळी आणि घराच्या आत हा फरक लगेच कळतो. नवा परवडत नसेल तर नातेवाइकांच्या खणांत शोधा. माझ्या भाचीने तिच्या आईचा २००८ सालचा कॅमेरा असाच बाहेर काढला, आणि कॉलेजातल्या मुली तो मागून नेतात. त्यात फुगलेली बॅटरी नाही ना, तेवढं मात्र आधी पाहा.

आता शेवटचं, जे सांगायला मी खरं तर इथे आले.

बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजातले चित्रकार ज्योती भट्ट यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून खेडोपाडी जाऊन घरांच्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या फोटोंत टिपून ठेवल्या. त्यांतल्या कित्येक भिंती आज उभ्या नाहीत. त्यांचे फोटो पाहूनच मी छोटाउदेपूरकडे जायला लागले, राठवा आदिवासींच्या घरांतले पिठोरा बघायला. पिठोरा म्हणजे देवाच्या नवसाने घरातल्या भिंतीवर लिहवून घेतलेले घोडे. ते पूजेचं असतं, म्हणून विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचाच नाही. आमच्या गटातल्या एकाने मोठा कॅमेरा काढला तेव्हा घरची सगळी माणसं ओळीने भिंतीला लागून उभी राहिली, हात शरीराला चिकटवून. मुलं रडकुंडीला आली. त्यात त्याचा काही दोष नव्हता. एवढी मोठी काच आपल्यावर रोखली की कोणीही ताठ होईल.

मी ओसरीत आजींच्या शेजारी बसले. चैत्र होता. त्या सुपात मोहाची फुलं निवडत होत्या. मीही थोडी निवडली, हाताला तो गोडसर, आंबूस वास लागला. बऱ्याच वेळाने पिशवीतून कॅमेरा काढून दाखवला आणि विचारलं, "बा, फोटो पाडूं?" त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि पुन्हा फुलांकडे वळल्या. हात थांबले नाहीत. हातभर अंतरावरून मी तीन फोटो काढले. मनगटापर्यंत गोंदलेले हात, सुपाच्या कडेला ऊन, आणि मागे भिंतीवर पिठोऱ्याचा एक अर्धा घोडा.

त्यातल्या एकाची मी मोठी प्रिंट केली. तेवढं तुम्हीही करा, फोटो कार्डातच ठेवू नका. दुसऱ्या वर्षी ती घेऊन गेले. आजींनी पदराने हात पुसले, फोटो उजेडाकडे धरला. त्या स्वतःचा चेहरा बघतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी सुपावर बोट ठेवलं आणि सुनेला हाक मारून सांगितलं, बघ, गेल्या साली मोह किती चांगला पडला होता.

नमस्कार.