खुळखुळ्यावरचा ठिपकेदार पतंग

गवताच्या पात्याला चिकटलेली ही बारीक पांढरी काडी नीट पाहा. हा पतंग आहे. पंख अंगाभोवती घट्ट लपेटून बसलाय. पंखांवर लाल ठिपके आणि त्यांच्या अधूनमधून काळे. शास्त्रीय नाव युटेथेसा पुल्केला. पंख पसरले तर जेमतेम तीन-चार सेंटीमीटर. मागचे पंख पांढरे, कडेला वेडीवाकडी काळी किनार. ते दिसतात उडतानाच.

हा भर दिवसाही उडतो. गवतात पाऊल पडलं की उठतो आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा बसतो. लपायची धडपड नाही. का, ते त्याच्या खाण्यात कळतं.

याच्या अळ्या वाढतात खुळखुळा, ताग, भुरुंडी अशा वनस्पतींवर. गडद अंग, त्यावर नारिंगी खुणा आणि विरळ केस. पानं-फुलं तर खातातच, पण खरी ओढ कोवळ्या बियांची. त्यासाठी शेंग पोखरून आत शिरतात. बियाण्यासाठी ताग लावणाऱ्याला ही अळी म्हणूनच नकोशी.

या वनस्पतींत पायरोलिझिडीन अल्कलॉइड ही विषारी द्रव्यं असतात. गुरांच्या पोटात ती फार गेली तर यकृत निकामी होतं. अळी मात्र हे विष अंगात साठवते. पुढे कोषात आणि पतंगातही ते टिकतं. अंगावरचे भडक ठिपके म्हणजे भक्षकांना दिलेला इशारा.

कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आयस्नर यांनी याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदावर, युटेथेसा ऑर्नाट्रिक्सवर, वर्षानुवर्षं काम केलं. विषारी झाडावर वाढलेला पतंग जाळ्यात अडकला, तर कोळी स्वतःच धागे तोडून त्याला सोडून देतो. विष नसलेल्या खाद्यावर वाढलेला असेल, तर खाऊन टाकतो. मला त्याहून विलक्षण वाटतं ते पुढचं. मिलनाच्या वेळी नर आपल्याजवळचं विष मादीला देतो, मादी ते अंड्यांत उतरवते. त्या एवढ्याशा अंड्याला आई आणि बाप, दोघांकडून संरक्षण!

आपला पतंग आफ्रिका, दक्षिण युरोप आणि तिथून भारतापर्यंत आढळतो. उबदार वारे लाभले तर ब्रिटनही गाठतो, पण तिथला हिवाळा त्याला सोसत नाही.

शोधायचा असेल तर खुळखुळ्याच्या शेंगा तपासा. भोक पडलेली शेंग दिसली की आसपास पाहा. फक्त नाव ठरवायची घाई नको. युटेथेसा लोट्रिक्स हा अगदी असाच दिसणारा पतंगही भारतात आहे, आणि नुसत्या फोटोवरून दोघांत गल्लत सहज होते.