ठेका धरून बसलेला माणूस

[पडदा काळा. फक्त ड्रम. वीस सेकंदांनी चित्र उघडतं: फिरणारी टेप.]

हा ठेका 1971 सालचा. 'कॅन' या जर्मन बँडच्या 'टागो मागो' या दुहेरी एलपीची एक आख्खी बाजू या एकाच रचनेनं व्यापली आहे. नाव 'हालेलुवा', लांबी साधारण साडेअठरा मिनिटं. वर गिटार येते आणि विरते, गायक कुजबुजतो, मध्येच किंचाळतो, ऑर्गन कुठून तरी घुसतो. ठेका मात्र पुन्हा पुन्हा त्याच जागी उभा राहतो. पहिली दोन-तीन मिनिटं वाटतं, आता काहीतरी बदलेल. पाचव्या मिनिटाला आपण वाट पाहणं सोडून देतो, आणि तिथून खरं ऐकणं सुरू होतं.

वाजवणाऱ्याचं नाव याकी लीबेत्साइट. डब (झालेल्या गाण्यातून काढून टाकत नवं गाणं करायची जमैकातली पद्धत), जॅझ आणि हातानं वाजवायच्या तालवाद्यांची परंपरा यांची सांगड घालून जर्मनीत जे इलेक्ट्रॉनिक संगीत घडलं, त्याचा माग काढत गेलं की वाट या माणसाच्या ड्रमपाशी येऊन थांबते.

जन्म 1938चा, ड्रेस्डेनजवळच्या ओस्त्राऊ गावातला. तरुणपणी तो पक्का जॅझवाला होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ बार्सिलोनात राहिला, तिथल्या जॅझ क्लबांत वाजवलं. फ्लामेंको आणि समुद्रापलीकडच्या उत्तर आफ्रिकेचं संगीत तिथेच त्याच्या कानात शिरलं. जर्मनीत परतल्यावर तो ट्रम्पेटवादक मानफ्रेड शूफच्या बँडमध्ये गेला. हे फ्री जॅझ. ठरलेली लय नाही, ठरलेले स्वर नाहीत, ज्याला जे सुचेल ते त्यानं वाजवायचं. युद्धानंतर वाढलेल्या त्या पिढीला जुनं सगळं मोडायचंच होतं, त्यामुळे या संगीताला तिथे मोठा मान होता.

लीबेत्साइटला त्यात गुदमरायला झालं. सगळं मोकळं, पण एखादी गोष्ट दुसऱ्यांदा वाजवायची सोय नाही, कारण दुसऱ्यांदा वाजवली की ती 'फ्री' राहत नाही. तो स्वतः एक किस्सा सांगायचा: कार्यक्रमानंतर एक अनोळखी श्रोता जवळ आला आणि म्हणाला, तू एकसुरी वाजवायला हवंस. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. यानं ते मनावर घेतलं.

[वायलरस्विस्ट गावाचा रस्ता. जुन्या चित्रपटगृहाची इमारत.]

कॅनची स्थापना 1968 साली कोलोनमध्ये झाली. इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय हे दोघं संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझनकडे शिकलेले, गिटारवादक मिखाएल करोली चुकायचा विद्यार्थी, आणि ड्रमवर लीबेत्साइट. आधी अमेरिकन माल्कम मूनी गायचा. तो गेल्यावर म्युनिकच्या रस्त्यावर गाणारा दामो सुझुकी नावाचा जपानी तरुण बँडमध्ये आला. कोलोनजवळच्या वायलरस्विस्ट गावात बंद पडलेलं चित्रपटगृह त्यांनी घेतलं आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लष्कराच्या जुन्या गाद्या ठोकल्या. हा त्यांचा स्टुडिओ.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळात मोठ्या स्टुडिओंत प्रत्येक वाद्यासाठी टेपवर वेगळा कप्पा, म्हणजे ट्रॅक, मिळायचा. कॅनकडे होता दोन ट्रॅकचा रेकॉर्डर. म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायचं, आणि जे टेपवर उतरलं ते उतरलं. ते तासन् तास वाजवत. मग चुकाय टेप घेऊन बसे. ब्लेडनं कापायची, नको तो भाग काढायचा, दोन टोकं पट्टीनं चिकटवायची. लय जराशी जरी डगमगली असेल तर असा जोड लगेच उघडा पडतो. लीबेत्साइटची लय डगमगत नसे. मंगळवारचा तुकडा शुक्रवारच्या तुकड्याला जोडता यावा इतकी ती नेमकी असे, आणि म्हणूनच चुकायला टेपवर रचना बांधता आली. संगणकावर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तोच तुकडा, जोडणं सर्रास होण्याच्या किती तरी आधी हा माणूस हातापायांनी लूप वाजवत होता. त्याच्या ठेक्यात जीव होता, एवढाच काय तो यंत्राशी फरक. 'स्पून' या रचनेत तर त्यानं खरोखरच्या ड्रम मशीनबरोबर वाजवलं. टीव्हीवरच्या एका रहस्यमालिकेसाठी केलेलं ते गाणं जर्मनीत चांगलंच गाजलं.

जगभरच्या लोकसंगीताच्या धर्तीवरचे लहान लहान तुकडेही कॅननं केले. त्या मालिकेला त्यांनी नाव दिलं 'एथ्नॉलॉजिकल फोर्जरी सीरीज', म्हणजे सरळसरळ बनावट माल. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या परंपरेतलं काहीतरी उचलून त्यावर 'अस्सल' असा शिक्का मारणारे पुढच्या काळात ढिगानं आले. 1977 साली घानाचा तालवादक रीबॉप क्वाकू बा बँडमध्येच दाखल झाला आणि बनावटीची जागा प्रत्यक्ष सहवासानं घेतली.

[किंग्स्टन. रेडिओ दुरुस्तीचं टेबल, उघडे अँप्लिफायर.]

सत्तरच्या दशकातच, पार दुसऱ्या टोकाला, जमैकात एक वेगळीच गोष्ट आकार घेत होती. किंग्स्टनमधला ऑसबोर्न रडक हा रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. लोक त्याला किंग टबी म्हणत. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गाण्याविना नुसत्या वाद्यांची 'व्हर्जन' देण्याची पद्धत तिथे रुळली होती. टबीनं ती टेप मिक्सिंग डेस्कवर घेतली आणि डेस्कच वाजवायला सुरुवात केली.

हातांकडे नीट पाहा. डावा हात गायकाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, खाली ओढतो, आवाज अर्ध्या शब्दावर तुटतो. गिटारही जाते. उरतात बास आणि ड्रम. आता उजवा हात स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा एकच ठोका एकोच्या यंत्रात सोडतो. त्या ठोक्याचे पडसाद उमटतात, एकामागून एक, विरत जाणारे. फीडबॅकचा, म्हणजे पडसाद पुन्हा यंत्रातच फिरवण्याचा, नॉब थोडा वर नेला की ते विरायच्या ऐवजी फुगू लागतात, शिट्टी फुटेपर्यंत. त्या क्षणी नॉब झटकन खाली. शांतता, आणि पुन्हा बास. डब म्हणतात ते हेच: वाजवून झालेल्या गाण्यातून काढून टाकत, पोकळ्या तयार करत नवं गाणं उभं करायचं.

वायलरस्विस्टचं ब्लेड आणि किंग्स्टनचा फेडर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दोन्हीकडे रेकॉर्डिंग संपल्यावर रचना सुरू व्हायची, आणि दोन्हीकडे बास-ड्रमचा पाया इतका भक्कम असावा लागे की त्यावरचं सगळं काढून घेतलं तरी तो उभा राहील. त्यामुळे हे प्रवाह एकमेकांना मिळाले यात मला नवल वाटत नाही. लंडनचा जा वॉबल हा डबवर पोसलेला बासवादक कोलोनला आला. चुकाय, लीबेत्साइट आणि तो यांचा 'फुल सर्कल' हा अल्बम 1982 साली निघाला. चुकाय तोवर शॉर्टवेव्ह रेडिओकडे वळला होता. रात्री रेडिओवर हाती लागलेला एखादा दूरदेशीचा आवाज टेपवर घ्यायचा आणि त्याच्याभोवती गाणं विणायचं. 1979च्या 'मूव्हीज' या त्याच्या अल्बममधलं इराणी गाणं असंच आलेलं आहे.

[ड्रम सेट जवळून. पायाचं पेडल नाही.]

लीबेत्साइट मात्र आणखी कमी करत निघाला होता. उतारवयाकडे झुकताना त्यानं पायाची पेडलं सोडून दिली. आधुनिक ड्रम सेट उभा राहतो तोच मुळी पायांच्या जोरावर, एका पायाखाली बास ड्रम, दुसऱ्याखाली हाय-हॅट ही झांजांची जोडी. त्यानं ते दोन्ही बाजूला सारलं आणि सगळं हातांवर आणलं, जगातले बहुतेक ढोल वाजतात तसं. तालाची मांडणीही त्यानं स्वतःपुरती नव्यानं केली. मॉर्स लिपीत 'ई' म्हणजे एक टिंब आणि 'टी' म्हणजे एक रेघ. टिंब आखूड, रेघ लांब. या दोनच खुणांच्या जुळणीतून तो तालाची आवर्तनं बांधायचा.

2000च्या आसपास त्याला जोडीदार मिळाला तो बर्न्ट फ्रीडमन. 1965 साली कोबुर्गमध्ये जन्मलेला, कासेलमध्ये कलेचं शिक्षण घेतलेला, स्वतः ड्रम वाजवत वाजवत इलेक्ट्रॉनिक्सकडे वळलेला. डब त्याच्या अंगात भिनलेलं होतं. 2000 साली त्यानं 'नॉनप्लेस' हे स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं. 'सीक्रेट रिदम्स' या नावानं दोघांनी 2002 ते 2013 या काळात पाच अल्बम केले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत पिकलेलं फळ ते हेच.

चारच्या पटीतली लय इथे क्वचित भेटते. पाच, सात, नऊ, अकरा अशी आवर्तनं. ज्यांचा कान झपताल-रूपकावर पोसला आहे त्यांनी ही रेकॉर्ड जरूर लावावी. युरोपीय श्रोत्याला जिथे ठेच लागते तिथे आपण सहज चालत जातो. मात्र एक गोष्ट आपल्याला चुकल्यासारखी वाटेल. इथे तिहाई नाही. रंगवत नेऊन समेवर आदळण्याचा तो आनंद नाही. एकल तबलावादनात हार्मोनियम लेहरा धरून बसते आणि तबला मनसोक्त फिरतो. इथे भूमिका उलटल्या आहेत. ड्रमच लेहरा धरतो, आणि त्याच्याभोवती हेडन चिझमची क्लॅरिनेट, योझेफ सुखीची गिटार, फ्रीडमनचे सिंथेसायझर आणि एको फिरत राहतात. जॅझ आहे, पण एकट्या वादकाचा पराक्रम दाखवणारं नाही. क्लॅरिनेटची फुंकर येते, तिचा एक तुकडा एकोत अडकतो, आणि पुढच्या आवर्तनात तो तुकडाच तालवाद्य होऊन बसतो.

[बर्लिन. क्रॉइट्सबर्ग. रेकॉर्डच्या दुकानाचा जिना.]

बर्लिनमध्ये याच सामग्रीतून दुसरं काही घडलं. 'हार्ड वॅक्स' हे रेकॉर्डचं दुकान 1989 साली सुरू करणारा मार्क एर्नेस्टुस आणि त्याचा साथीदार मोरित्स फॉन ओस्वाल्ड. टेक्नोतून निघालेले हे दोघं 'रिदम अँड साउंड' या नावानं थेट डबपर्यंत पोचले, डोमिनिकाहून आलेला पॉल सेंट हिलेअर त्यांच्यासोबत गायला. पुढे एर्नेस्टुस सेनेगलला गेला आणि डाकारच्या साबार वादकांबरोबर काम करू लागला. साबार हा तिथला ढोल, एका हातानं आणि एका काठीनं वाजवतात; हाताची थाप आणि काठीचा फटका यांची गुंफण इतकी दाट की सम कुठे आहे हे नवख्याला सापडत नाही. एर्नेस्टुसनं तिथे स्वतःचं काही मिसळायची घाई केली नाही. डबवाल्याची सवय त्यानं वापरली ती काढून टाकण्यासाठी, वादकांना जागा देण्यासाठी. 2016चा 'येरमांदे' हा अल्बम ऐकला की कळतं.

22 जानेवारी 2017 रोजी लीबेत्साइट गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चुकायही गेला, वायलरस्विस्टच्या त्याच जुन्या चित्रपटगृहात.

ऐकायची सुरुवात कुठून करावी? 'सीक्रेट रिदम्स'च्या पहिल्या भागापासून. फोनच्या स्पीकरवर नको, या संगीतातला बास त्यातून येतच नाही. चांगले हेडफोन लावा किंवा मोठे स्पीकर. मांडीवर हातानं मात्रा मोजा. आवर्तन सापडलं की मोजणं थांबवा आणि पहिली रचना पूर्ण होऊ द्या. त्यानंतर 'हालेलुवा' लावा, आणि तिची साडेअठरा मिनिटं मध्ये उठू नका.