चिखलातलं हिरवं मीठ

(ओहोटी. चिखलात उभे हिरवे कोंब.)

पाणी मागे सरलं आणि खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची खारी दलदल, उघडं पडलं. या कोंबांवर पानं शोधू नका, दिसायची नाहीत. नुसती कांड्यावर कांडी, मणी ओवावेत तशी. ही सॅलिकॉर्निया, खाऱ्या चिखलात वाढणारी वनस्पती. हिचे कोंब वाळवून मिठासारखी पूड करता येते.

आता जवळून. कांडं बोटात दाबलं की रस सुटतो, आणि तो खारट लागतो. खाऱ्या जमिनीत बहुतेक झाडं पाण्यात उभी राहून तहानेने मरतात, कारण मातीतलं मीठ मुळांना पाणी ओढू देत नाही. ही मात्र ते मीठच आत घेते, पेशींमधल्या रसाच्या पिशव्यांत कोंडते आणि त्याच्याच जोरावर पाणी खेचते. ज्या जागेला ‘पडीक’ म्हणून भराव टाकला जातो, तिथे हे सगळं चालू असतं.

कापायचे ते वरचे कोवळे शेंडे, कात्रीने. मुळाला हात लावायचा नाही, आणि बरीचशी झाडं तशीच सोडायची. एका मोसमाचं आयुष्य असतं तिचं. बी धरू दिलं नाही तर पुढच्या वर्षी इथे नुसता चिखल दिसेल.

रेती जाईपर्यंत गोड्या पाण्यात भराभर धुवायचं. भिजत घालायचं नाही, मीठ पाण्याबरोबर निघून जातं. मग वाळवण. ताज्या कोंबात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून परातभर हिरवाई वाळून ओंजळभर होते. ऊन नसेल तर ओव्हन, ६० अंशांच्या आसपास, दार किंचित उघडं. झालं की नाही, ते कानाला कळतं. ऐका. कांडं वाकलं तर अजून ओल आहे. असं कडकन मोडायला हवं.

मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळलं की वर राहतात ते कांड्याच्या मधल्या दोऱ्याचे धागे. खाली पडते ती ही पोपटी-करडी पूड. आधी खारटपणा, मागून हिरव्या भाजीची चव. दमट हवेत ती लगेच ओलावते, म्हणून घट्ट झाकणाची बरणी. पूड पाण्यात उकळून, गाळून, आटवली तर खडेही मिळतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनेही सॅलिकॉर्नियापासून मीठ काढण्याची पद्धत विकसित केली आहे.

साध्या मिठापेक्षा या पुडीत सोडियम कमी, पण असतंच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला विसरायचा नाही. आयोडीनचा भरवसा नाही, पोटॅशियम असतं, म्हणून मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सांडपाणी उतरतं तिथले कोंब घ्यायचेच नाहीत.

(पुन्हा खाजण. भरती चढते आहे.)

कात्री लागली होती ती ही जागा. कापलेल्या कांड्याच्या दोन्ही बाजूंनी फुटवे आलेत.