कागद पोचला का?

(दृश्य : माळ्यावरून उतरवलेली लोखंडी पेटी. आत कागदाच्या सुरळ्या. एक हात त्यातील एक सुरळी उलगडतो. कागद कोरा आहे.)

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावरच्या सावदा गावात माझ्या मामांचे एसटीडी (म्हणजे परगावी फोन), झेरॉक्स आणि फॅक्सचे दुकान होते. त्या दुकानात आलेले जे फॅक्स कोणी न्यायला आले नाही, ते मामांनी या पेटीत जपून ठेवले. आज त्यांतील बहुतेक कागदांवर एकही अक्षर उरलेले नाही. फॅक्सच्या रोलवर शाई नसे. त्या कागदाला रंगहीन रंजकाचा आणि त्याला रंग आणणाऱ्या आम्लधर्मी द्रव्याचा लेप दिलेला असे. यंत्रातील तापलेली टोके जेथे टेकत, तेथे ही द्रव्ये वितळून एकत्र येत आणि काळा ठिपका उमटे. प्रकाशाने, प्लास्टिकच्या पिशवीने आणि दीर्घकाळच्या उष्णतेने हे ठिपके पुसट होत जातात, आणि जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो त्या खानदेशात पत्र्याखालच्या माळ्यावर त्यांचा निभाव लागणे शक्यच नव्हते. म्हणूनच फॅक्स आला की आधी त्याची झेरॉक्स काढायची, हा दुकानाचा नियम होता.

तरीही त्या दुकानातून गेलेली काही हस्ताक्षरे आजही जशीच्या तशी वाचता येतात, कारण ती फॅक्स यंत्रात शिरली आणि दुसऱ्या टोकाला ई-मेल होऊन बाहेर पडली. हा माहितीपट त्या प्रवासाचा आहे.

(दृश्य : जुने फॅक्स यंत्र. पार्श्वभूमीवर डायल होण्याचा आवाज, मग दोन वेगवेगळे सूर.)

महाविद्यालयाच्या सुट्टीत मी या दुकानात बसत असे. नंबर फिरवायचा, पलीकडच्या माणसाला ‘फॅक्स टोन द्या’ म्हणायचे, शिट्टीसारखा आवाज आला की स्टार्टचे बटण दाबायचे, एवढे मला शिकवले गेले होते. त्या आवाजाचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. पाठवणारे यंत्र ११०० हर्ट्‌झचा सूर थांबून थांबून देत असते आणि घेणारे यंत्र २१०० हर्ट्‌झच्या लांब सुराने उत्तर देते. त्यानंतर दोन्ही यंत्रे सेकंदाला ३०० बिट इतक्या संथ गतीने, कागदाची रुंदी किती, बारकावा किती आणि वेग किती हे आपसांत ठरवतात. मग एक चाचणी होते. लाइन स्वच्छ असेल तर ९६०० किंवा १४,४०० बिटांचा वेग मिळतो. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरलेले असेल तर यंत्रे स्वतःच एकेक पायरी खाली उतरत ४८०० किंवा २४०० वर येतात. दिल्लीला एक पान जायला श्रावणात चैत्रापेक्षा जास्त पैसे का पडतात, असे शेतकरी विचारत, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसे. उत्तर त्या शिट्टीत होते.

यानंतर जे घडते ते मला आजही विलक्षण वाटते. यंत्र पानाच्या प्रत्येक आडव्या ओळीचे १७२८ ठिपके करते, आणि उभ्या दिशेने दर मिलिमीटरला सुमारे चार ओळी घेते. म्हणजे साध्या दर्जात ए-फोर आकाराच्या एका पानाचे जवळपास २० लाख आणि ‘फाइन’ दर्जात सुमारे ४० लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपका एकतर काळा किंवा पांढरा, तिसरा पर्याय नाही. हे सर्व ठिपके एकेक करून पाठवायचे म्हटले तर ९६००च्या वेगानेही साध्या पानाला साडेतीन मिनिटे लागतील. म्हणून यंत्र ठिपके पाठवत नाही, ठिपक्यांची मोजदाद पाठवते : इतके पांढरे, मग इतके काळे, पुन्हा इतके पांढरे. वारंवार येणाऱ्या लांबीला आखूड खूण आणि क्वचित येणाऱ्या लांबीला मोठी खूण, असा त्याचा हिशेब असतो. देवनागरीच्या बाबतीत यात एक सुंदर गोष्ट घडते. शब्दावरची शिरोरेषा सरळ असेल तर तो काळ्या ठिपक्यांचा एक सलग पट्टा ठरतो आणि एका खुणेत, फार तर दोन खुणांत, आटोपतो. कागद मात्र तिरका शिरला, तर त्याच शिरोरेषेच्या पायऱ्या पायऱ्या होतात.

ही सर्व पद्धत ‘ग्रुप ३’ या नावाने १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरली, आणि त्यामुळेच सावद्यातील यंत्र जपानी असो वा कोरियन, दिल्लीच्या यंत्राशी त्याचे जमत असे. मूळ कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. स्कॉटलंडचा घड्याळजी अलेक्झांडर बेन याने तारेवरून आकृती पाठवण्याचे पेटंट १८४३ मध्ये घेतले, आणि इटलीचा जोव्हानी कासेली याच्या यंत्राने पॅरिस आणि लियाँ या शहरांदरम्यान १८६५ मध्ये लोकांसाठी सेवाही सुरू केली. बेलने टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये घेतले; म्हणजे तारेवरून बोलता येण्याआधी माणूस तारेवरून आपले हस्ताक्षर पाठवू लागला होता.

(दृश्य : केळीची बाग. कापलेले घड. बांधावर उभा ट्रक.)

सावदा, रावेर, फैजपूर, यावल हा केळीचा पट्टा आहे. येथे फॅक्सचा पहिला उपयोग केळीच्या व्यवहारासाठी झाला. भाव, गाड्यांची संख्या, माल कापण्याची तारीख हे सारे कागदावर लिहून जात असे, आणि कागद हाताने लिहिलेला असे. येथे मी केलेली एक चूक सांगणे भाग आहे. एका शेतकऱ्याने गाडी ११ तारखेला पाठवा असे लिहिले होते. वेळ आणि पैसे वाचावेत म्हणून मी पान साध्या दर्जात पाठवले. देवनागरी १ आणि ९ यांत मुळातच अंतर थोडे. दर मिलिमीटरला चारच ओळी घेणाऱ्या यंत्राने ते अंतर पुसले, आणि पलीकडे ११ चे १९ वाचले गेले. माल कापून बांधावर ठेवलेला, आणि गाडीचा पत्ता नाही. कापलेली केळी थांबत नाही. जे मिळेल त्या भावात तो माल स्थानिक बाजारात विकावा लागला. त्या शेतकऱ्याने मला एक शब्दही रागावून म्हटला नाही, आणि त्यामुळे ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. त्या दिवसापासून देवनागरी कागद मी ‘फाइन’ दर्जाशिवाय कधीही पाठवला नाही, आणि आकडा असेल तर तो अक्षरांतही लिहून घेऊ लागलो.

(दृश्य : जुन्या संगणकाचा पडदा. त्यावर चौकटी आणि निरर्थक चिन्हे.)

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले, आणि ते प्रथम मोठ्या शहरांत आले. पुढच्या काही वर्षांत सावद्याची मुले शिकण्यासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली, आणि त्यांच्याकडे ई-मेलचे पत्ते आले. गावाकडे होता तो टेलिफोन, आणि दुकानातले फॅक्स यंत्र. गावात एखादा संगणक असता तरी अडचण सुटणार नव्हती. ई-मेल मुळात इंग्रजी अक्षरांसाठी जन्मलेला. संगणकात देवनागरी अक्षरे कशी साठवायची याचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले होते, आणि त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या मानकाच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला जागा मिळाली होती. परंतु दुकानादुकानांतील संगणकांवर प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्याची अक्षरमांडणीही वेगळी होती. एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की चिन्हांचा ढीग दिसे. युनिकोडमधील देवनागरी नीट दाखवण्याची सोय विंडोजमध्ये आली ती २००० च्या आवृत्तीत, आणि ती लोकांच्या हातात पोचायला आणखी कितीतरी वर्षे गेली.

फॅक्स यंत्राला मात्र लिपी ठाऊकच नसते. ते वाचत नाही, ठिपके मोजते. ज्या काळात संगणक मराठीशी अडखळत होता, त्या काळात हाताने लिहिलेले कोणतेही मराठी अक्षर फॅक्समधून बिनतक्रार जात होते, आणि फॅक्सला ई-मेलशी जोडणारा दुवा तयार झाला तेव्हा मराठी हस्ताक्षरही ई-मेलमध्ये जाऊन बसले. या दुव्याचे महत्त्व मराठीत कोणी पुरेसे नोंदवलेले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तो दुवा असा चाले. शहरातील एका केंद्रात टेलिफोनच्या लाइनींना जोडलेला संगणक असे आणि ग्राहकाला तेथील एक फॅक्स क्रमांक दिलेला असे. आपण त्या क्रमांकावर फॅक्स केला की संगणक फॅक्स यंत्रासारखाच सूर देई, पान घेई, ठिपक्यांचे ते चित्र टिफ नावाच्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवी, आणि ती फाइल ई-मेलला जोडून त्या क्रमांकाच्या मालकाला पाठवी. ई-मेलला फाइल जोडण्याची रीत नेथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये घालून दिली होती. तीत फाइलचे दर तीन बाइट चार साध्या अक्षरांत बदलले जातात, त्यामुळे ती एक तृतीयांशाने फुगते, पण वाटेत मोडत नाही. उलट दिशेला, फॅक्स क्रमांक आणि केंद्राचे नाव यांचा मिळून एक ई-मेल पत्ता बनवला जाई. त्यावर पत्र लिहिले की केंद्र त्या मजकुराचे ठिपक्यांचे चित्र करी आणि तो क्रमांक फिरवी.

मार्च १९९८ मध्ये या पद्धतीला इंटरनेटच्या नियमपत्रांत स्थान मिळाले. आरएफसी २३०५ या क्रमांकाच्या त्या नियमपत्राच्या चार लेखकांपैकी एक जपानमधील इंटरनेटचे प्रवर्तक जुन मुराई होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनेही ‘टी ३७’ हे मानक काढले. त्यानंतरच्या काही फॅक्स यंत्रांत मधल्या केंद्राचीही गरज उरली नाही. यंत्रालाच स्वतःचा ई-मेल पत्ता असे, त्याच्या बटणांवर दुसऱ्याचा पत्ता टंकायचा, आणि ठरावीक वेळाने ते स्वतःची टपालपेटी तपासून आलेली पत्रे छापून ठेवी.

(दृश्य : दुकानाबाहेरचे बाकडे. संध्याकाळ.)

आमच्या दुकानात या सोयीचा सर्वांत जास्त उपयोग ज्यांनी केला, त्यांना सारे गाव नाना म्हणत असे. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकत होता. तिकडे थेट फॅक्स करायचा तर आयएसडीचा, म्हणजे परदेशी फोनचा, दर मिनिटागणिक चढे. मुंबईच्या केंद्राला फॅक्स केला की एसटीडीच्या दरात काम होई, आणि पुढचा समुद्र ई-मेल ओलांडे. मुलाने तिकडून केंद्राचा क्रमांक घेऊन दिला होता. नाना बागेतून थेट येत, खिशातून दुमडलेला कागद काढत, आणि तो नीट सपाट करून माझ्या हातात देत. केळीचा चीक हाताला लागलेला असे. तो कागदावरही उतरे आणि वाळून काळा पडे. कागद यंत्रातून निघाला की ते विचारत, “पोचला का रे, भाचा?” मामाच्या गावात मी सर्वांचाच भाचा होतो.

या साध्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे अवघड होते. फॅक्सच्या पद्धतीत प्रत्येक पान संपल्यावर पलीकडचे यंत्र पावती देते, आणि आपल्या रिपोर्टवरचा ‘ओके’ ही त्या पावतीची छापील साक्ष असते. पण आमच्या फॅक्सला ‘ओके’ देणारे यंत्र अमेरिकेत नव्हते, मुंबईत होते. तेथून पुढे निघालेला ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाई, आणि प्रत्येक सर्व्हर फक्त पुढच्याने घेतल्याची खात्री करी. मुलाच्या पेटीत पत्र पडले की नाही, याची निरोपावाचून खबर नसे. नियमपत्राच्या पहिल्या साध्या रूपात या पोचपावतीची सक्ती नव्हती. १९९९ च्या विस्तारित रूपात तिची तरतूद झाली. तेव्हा मी नानांना “मुंबईला पोचला, नाना” एवढेच म्हणत असे. त्यांना ते पुरत नसे.

मुलाचे पहिले उत्तर आले ते इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. केंद्राने त्याचे चित्र केले, आमच्या यंत्राने ते छापले, आणि नानांना त्यातील अक्षर वाचता येईना. मी वाचून दाखवले. मुलाने वडिलांना लिहिलेल्या चार ओळी तिसऱ्याने मोठ्याने वाचायच्या, गिऱ्हाइके उभी असताना. नाना मान खाली घालून ऐकत होते. पुढच्या पत्रात मी कागदाच्या तळाशी माझ्या हाताने एक ओळ लिहिली : ‘कागदावर लिहा, स्कॅन करा, आणि ते चित्र ई-मेलला जोडा.’ केंद्र जोडलेले चित्रही फॅक्स करून देत असे. आठ दिवसांनी यंत्रातून जो कागद सरकत आला, त्यावर मुलाचे हस्ताक्षर होते. नानांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बाहेर बाकड्यावर बसून स्वतः वाचला. त्या दिवशी त्यांनी झेरॉक्स काढू दिली नाही.

(दृश्य : भिंतीवर नवी पांढरी पेटी, तिच्यातून आत आलेली बारीक फायबर.)

आता गावात फायबर आली आहे आणि तांब्याच्या तारा निघत चालल्या आहेत. जुने फॅक्स यंत्र या नव्या लाइनीला जोडले तर पुष्कळदा मध्येच तुटते, कारण नवी व्यवस्था आवाजाचे तुकडे करून पाठवते, माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेल्या पद्धतीने तो आवळते, आणि एखादा तुकडा हरवला तर पुढे जाते. माणसाच्या कानाला ते जाणवत नाही. ठिपके मोजणाऱ्या यंत्राची मोजणी मात्र तेथेच चुकते. यावर ‘टी ३८’ हे मानक आहे. त्यात सूर पाठवलेच जात नाहीत. अलीकडच्या टोकाला सुरांतून मोजदाद काढून घेतली जाते आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा सूर बनवले जातात. त्यासाठी मधल्या सर्व यंत्रणांत ही सोय चालू असावी लागते. आमच्या दुकानातील यंत्र काही आता लाइनीवर नाही.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. एक जुनी फाइल उघडते.)

नानांच्या मुलाने आपल्या जुन्या टपालपेटीतील ती पत्रे या चित्रीकरणासाठी आम्हाला पाहू दिली. रुंदी १७२८ ठिपके. वर यंत्राने छापलेली तारीख आणि वेळ, खाली नानांचे मोठे, सुटे अक्षर : पाऊस, केळीच्या कांदेबागाची लागण, आईची तब्येत. शेवटच्या ओळीशेजारी, पानाच्या उजव्या काठाला, एक काळा डाग आहे. तो केळीच्या चिकाचा आहे. यंत्राला तो अक्षरांहून वेगळा वाटला नाही. त्याचेही ठिपके त्याने ओळीओळीने मोजले आणि मुंबईमार्गे अमेरिकेला पोचते केले. मुलगा चित्र मोठे करतो आणि बराच वेळ त्या डागाकडे पाहतो.