गरिबाचे दोन होले

नमस्कार श्रोतेहो. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले बरेचजण उत्पत्ती संपवतात, निर्गम संपवतात आणि लेवीय हे बलींच्या नियमांचं पुस्तक सुरू झालं की अडकतात, कारण पहिल्याच अध्यायात बैल, मेंढरं, रक्त, चरबी, वेदीवरचा धूर, आणि मग वाटतं हे सगळं आपल्यासाठी नाहीच. आज मला त्याच पानांबद्दल बोलायचंय, पण बैलाबद्दल नाही, होल्यांबद्दल, म्हणजे कबुतरासारख्या लहान पक्ष्यांबद्दल.

आधी एक गोष्ट. हे बली देवाचं पोट भरायला नव्हते. 50व्या स्तोत्रात देव स्वतःच म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळं जगच माझं आहे. मग कशासाठी? बली आणणाऱ्या माणसाने जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि ते स्वतः कापायचं, म्हणजे चूक माझी आणि जीव याचा गेला, हे त्याला डोळ्यांनी बघावं लागायचं. लेवीय 17 मध्ये लिहिलंय की देहाचा जीव रक्तात असतो, म्हणून ते वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलंय. आणि जनावर निर्दोषच पाहिजे, कारण कळप म्हणजे त्या काळची घरातली शिल्लक, त्यातलं लंगडं आंधळं द्यायला कोणीही तयार होईल. मलाखी संदेष्टा तर सरळ विचारतो, असलं जनावर तुमच्या सुभेदाराला देऊन बघा, तो खूश होईल का?

पण ज्याच्याकडे कळपच नाही त्याचं काय? मला लेवीयचा पाचवा अध्याय सगळ्यात जास्त आवडतो तो यासाठी. तिथं लिहिलंय की पापार्पणासाठी, म्हणजे पापाच्या क्षमेसाठीच्या बलीसाठी, मेंढरू किंवा शेळी आणायची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणा, आणि तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ आणा, म्हणजे आजच्या मापाने साधारण दोन लिटरचं भांडं भरेल एवढं पीठ, त्यावर तेल नको, धूप नको. याजक, म्हणजे पुरोहित, त्यातलं मूठभर वेदीवर जाळणार. आणि शेवटी मेंढरू आणणाऱ्याला जे सांगितलंय तेच या पीठवाल्यालाही, त्याला क्षमा होईल. अर्धी क्षमा नाही, नंतर बघू नाही. रक्ताच्या या सगळ्या नियमांच्या मधोमध पिठाची ही मूठ आहे आणि आपण ती न वाचताच पान उलटतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, दुसरा अध्याय घ्या. मुलगा झाला की आईच्या शुद्धीकरणाला 40 दिवस, मग वर्षाचं कोकरू होमासाठी आणि एक पक्षी पापार्पणासाठी, हा लेवीय 12 चा नियम, आणि कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी. मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात तेव्हा लूक फक्त होले किंवा पारव्याची दोन पिल्लं एवढंच लिहितो, कोकराचं नावच नाही. ज्याला पुढे बाप्तिस्मा करणारा योहान देवाचा कोकरा म्हणणार होता, त्याच्या आईबापांकडे कोकराचे पैसे नव्हते हो!

आणि तोच मुलगा मोठा होऊन मंदिरात येतो, पैसे बदलून देणाऱ्या सराफांची मेजं उलथवतो, आणि शुभवर्तमान लिहिणारा मार्क मुद्दाम लिहितो की होले विकणाऱ्यांच्या बैठकासुद्धा. मला वाटतं तिथं त्याचा राग जास्त असणार, कारण होला हा गरिबाचा बली होता आणि तिथंही बाजार मांडलेला. मार्क असं कारण देत नाही, हे माझं वाचन आहे, पण लहानपणी आपल्यासाठी काय अर्पण झालं हे त्याच्या आईने त्याला सांगितलंच असेल ना.

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडलं आणि तिथले बली थांबले. पण नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र म्हणतं की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पाप जाणं शक्यच नव्हतं, ते सगळं पुढच्या गोष्टीची सावली होतं, आणि ख्रिस्ताने स्वतःला एकदाच, कायमचं अर्पण केलं. म्हणजे आता बैलवाला, होलेवाला, पीठवाला अशी रांगच उरली नाही, कोणी काही घेऊन यायचंच नाहीये.

आज रात्री वेळ मिळाला तर लेवीय 5 ची 7 ते 13 वचनं वाचा आणि लगेच लूक 2 ची 22 ते 24, घरात मोठ्याने वाचलीत तर अजून छान. नमस्कार.